शेड्यूलवर शेवटची तारीखही लिहा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मोटार कंपन्या बदलत्या काळाशी कशा जुळवून घेतायत यावर अख्खं पान होतं, चकाचक गाड्यांच्या फोटोसकट. मी ते गुरुवारी वाचलं, कारण भोसरी एमआयडीसीत आमची आठवड्याची सुट्टी गुरुवारची, रविवारी मशीन चालू असतात आणि पेपर डब्याखाली जातो. लेख चांगला होता, नाही म्हणत नाही. पण त्यात कंपनीचे साहेब होते, बॅटरी होती, चार्जिंग स्टेशन होतं, आणि गाडीचा पार्ट जिथं बनतो ते आमच्यासारखं दोन हजार स्क्वेअर फुटाचं शेड कुठंच नव्हतं. म्हणून हे पत्र. लांब झालंय, कापा हवं तर, पण डिझेलचं आणि तळेगावचं तेवढं ठेवा.

आधी आम्ही कोण ते सांगतो. कंपनीला पार्ट देणारा एक मोठा व्हेंडर असतो, त्याला पार्ट देणारा दुसरा असतो, आणि त्या दुसऱ्याचं जॉबवर्क करणारे आम्ही तिसरे. चार सीएनसी आणि एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, एक जुनं ग्राइंडिंग, दोन शिफ्टला मिळून अकरा माणसं. गाडीच्या जाहिरातीत ज्याचा कधी फोटो येणार नाही असले तळहाताएवढे पार्ट आम्ही करतो. पंचवीस वर्षं झाली, त्याआधी मी स्वतः दुसऱ्याच्या शॉपमध्ये ऑपरेटर होतो.

आता या धंद्यातलं एक साधं गणित बाहेरच्या लोकांना माहीत नसतं. आम्हाला दर महिन्याला शेड्यूल येतं, म्हणजे कुठला पार्ट किती नग कधी द्यायचा त्याचा कागद, हल्ली मेल. त्यात चालू महिना पक्का आणि पुढचे दोन महिने अंदाजे. बस्स, तीन महिने, त्यातलेही दोन अंदाजे. आणि त्या पार्टसाठी मशीन घ्यायचं तर बँकेचं लोन पाच वर्षांचं, साठ हप्ते, त्यात अंदाजे काही नसतं. कंपनी बदलते, काळाप्रमाणे बदलायलाच पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण तिचा बदल आमच्यापर्यंत येतो तेव्हा आमचे किती हप्ते झालेत हे कोण बघतं? माझं सगळं पत्र एवढ्यावरच आहे.

२०१८ साली मी एक नवीन टर्निंग सेंटर घेतलं, एका छोट्या डिझेल इंजिनच्या पार्टसाठी. तेव्हा डिझेल जोरात होतं, महिन्याला सहा-सात हजार नग जायचे, वरचा व्हेंडर म्हणायचा अजून कपॅसिटी वाढवा, तुम्हीच कमी पडताय. वाढवली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, येणार हे सगळ्या देशाला माहीत होतं, सरकारनं ते २०१६ लाच जाहीर केलेलं, मधलं बीएस-५ गाळून एकदम सहा. पण छोट्या डिझेल गाडीला ते परवडत नाही हे गणित आमच्या डोक्यात यायचं काही कारण नव्हतं. धुरातली काजळी अडवायला फिल्टर लागतो, नायट्रोजनच्या वायूंसाठी वेगळी यंत्रणा लागते, मोठ्या पंधरा-वीस लाखाच्या गाडीत तो खर्च खपून जातो, पण सात-आठ लाखाच्या गाडीत पेट्रोल आणि डिझेलच्या किमतीतलं अंतर एवढं वाढतं की गिऱ्हाईक डिझेलकडं वळणारच नाही. बरोबरच आहे हिशोब, मी कंपनीत असतो तर मीही तेच केलं असतं.

मारुतीनं तर एप्रिल २०१९ मध्ये सरळ जाहीर केलं की पुढच्या एप्रिलपासून आम्ही डिझेल गाड्या विकणार नाही. एक वर्ष आधी, सगळ्यांसमोर. आमचा पार्ट त्यांच्याकडं जात नव्हता, दुसरीकडं जायचा, नाव घेत नाही. मी तेव्हाच वरच्या व्हेंडरला फोन केला की आपलं काय. ते म्हणाले आपल्याला वरून काही आलेलं नाही, तुम्ही नग काढत रहा. काढत राहिलो. जुलैत शेड्यूल निम्मं झालं, बाजार मंदीत आहे म्हणाले, आणि २०१९ ला मंदी होतीच, त्यामुळं पटलं. दिवाळीनंतर शून्य. मेल नाही, पत्र नाही, शेड्यूलच्या शीटमध्ये त्या पार्ट नंबरसमोर नुसतं शून्य. मी दोन दिवस समजत होतो टायपिंगची चूक आहे.

त्या पार्टचे अकराशे नग तयार, तेल लावून, क्रेटमध्ये. अजून आहेत म्हणायला आवडलं असतं पण लॉकडाऊनमध्ये भंगारात घातले, पगार करायला. गेज, म्हणजे पार्टचं माप तपासायची हत्यारं, मात्र ठेवलीत. शेडमध्ये ऑफिसच्या दाराशेजारी एक कपाट आहे, त्यात खालच्या खणात त्या पार्टचे दोन प्लग गेज, एक स्नॅप गेज आणि मशीनवर पार्ट धरायचं फिक्स्चर, ग्रीस लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळून. वर माझ्या मुलीच्या अक्षरात पार्ट नंबरचं लेबल. मुलगी तेव्हा नववीत होती, आता कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे आणि म्हणते बाबा ते फेकून द्या. गेज फेकवत नाही हो. मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, काम केलेल्या माणसालाच ते कळेल.

बरं, कंपन्या काही दुधखुळ्या नसतात. या पट्ट्यात राहून हे सगळं डोळ्यांनी बघितलंय. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, पिंपरीत आली तेव्हा तिचे प्रमुख सुमंत मुळगावकरांनी गाड्या काढायच्या आधी टूलरूम आणि ट्रेनिंगची शाळा उभी केली, असं जुनी माणसं अजून अभिमानानं सांगतात. माझे पहिले उस्ताद तिथलेच अप्रेंटिस, फाईल कशी धरायची हे त्यांनी महिनाभर शिकवलं. म्हणजे दहा वर्षांनी काय बनवायचं हे माहीत नसतानाही माणूस तयार करून ठेवायचा. त्यांची इंडिका गाडी काढायची ठरली तेव्हा नवी लाईन घेण्याएवढे पैसे घालायचे नव्हते, तर ऑस्ट्रेलियात निसानचा बंद पडलेला कारखाना होता, त्याची लाईन विकत घेतली, सुटी केली, जहाजावर चढवली आणि पिंपरीत आणून परत जोडली. १९९८ च्या डिसेंबरात इंडिका आली. पहिल्या गाड्यांना तक्रारी खूप, मग ट्रकचा बाजार बसला, २०००-०१ ला कंपनीला पाचशे कोटींचा तोटा झाला, लोक म्हणाले संपली. त्यांनी तक्रारी एकेक करून काढल्या आणि सुधारलेली इंडिका व्हीटू आणली, ती चालली. असा बदल मला मान्य आहे. मेहनतीचा बदल.

पण या किश्शात एक गोष्ट कुणी बोलत नाही. ऑस्ट्रेलियातली लाईन पिंपरीला आली, तिथली माणसं आली का? नाही. मशीनला दुसरा जन्म असतो, ते सुटं करून जोडता येतं.

तळेगावचंच बघा. जनरल मोटर्सनं २००८ ला कारखाना चालू केला, आमच्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी त्या भरवशावर चाकण-तळेगाव रस्त्याला जागा घेतल्या. २०१७ च्या शेवटी त्यांनी भारतात गाड्या विकणं बंद केलं, पण कारखाना एक्सपोर्टसाठी चालू ठेवला, म्हणून सगळे म्हणाले बघा, टिकला. डिसेंबर २०२० ला तोही थांबला. त्याआधीच चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी सौदा झालेला, पण मध्ये शेजारी देशांच्या गुंतवणुकीला सरकारची परवानगी लागायला लागली, मग गलवान झालं, ती परवानगी काही मिळाली नाही आणि जून २०२२ ला सौदा मोडला. मग २०२३ ला ह्युंदाई आली, जानेवारी २०२४ ला ताबा घेतला, ऑक्टोबर २०२५ पासून तिथून परत गाड्या निघतायत. शेड तेच, जमीन तीच, मधली पाच वर्षं सोडली तर कारखान्याला काहीच झालं नाही. आणि कामगार? हजारावर माणसं, कोर्ट झालं, उपोषणं झाली. सरासरी पस्तिशी-चाळिशीची माणसं, घराचे हप्ते चालू असलेली. त्यातला एक आमच्याकडं क्वालिटीला आला होता, सहा महिने राहिला. कामाला एक नंबर. आमचा पगार ऐकून पहिल्या दिवशी काही बोलला नाही, नुसता चहा पीत बसला.

तुम्ही म्हणाल असंच होतं, इलाज नाही. तर नाही, इलाज असतो. फोर्डनं सप्टेंबर २०२१ ला भारतातलं उत्पादन गुंडाळायचं जाहीर केलं आणि त्यांचा साणंदचा कारखाना टाटांनी ७२५ कोटींना घेतला. त्या करारात जमीन आणि मशीनबरोबर पात्र कामगारांनाही सामावून घ्यायचं लिहिलेलं होतं. म्हणजे कागदावर लिहिता येतं. कुणीतरी आग्रह धरला की लिहितात.

आकुर्डीची गंमत तर अजून वेगळी. बजाजनं २००७ ला आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं, २००९ च्या शेवटी तर स्कूटरच बंद करतो म्हणून सांगितलं, आता फक्त मोटरसायकल. लोकांनी तेव्हा किती हळहळ केली. आणि आता त्याच आकुर्डीत २०२२ पासून इलेक्ट्रिक चेतक बनते. नाव तेच, गाव तेच, आतला एक पार्ट जुना नाही. माझ्या शेजारच्या शेडमध्ये एक काका चेतकच्या क्लच प्लेटचं काम करायचे, ते वारले, त्यांच्या शेडमध्ये आता पॅकिंगचे खोके बनतात.

तर आता इलेक्ट्रिकचं. लेखात लिहिलंय की कंपन्यांनी भविष्य ओळखलंय. मला नाही तसं वाटत, आणि यात त्यांची बदनामी नाही. व्होल्वोनं २०२१ ला सांगितलं २०३० पर्यंत आमच्या सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक, २०२४ ला म्हणाले नाही जमत. मर्सिडीजनंही दशकाच्या शेवटापर्यंतचं असंच सांगितलेलं, त्यांनीही २०२४ ला माघार घेतली. ही जगातली शहाणी माणसं. मग आपल्याकडच्यांनी काय केलं, तर सगळ्या दगडांवर पाय ठेवले. टाटाची नेक्सॉन घ्या, तीच गाडी पेट्रोलवर, डिझेलवर, सीएनजीवर आणि इलेक्ट्रिक. महिंद्रानं चाकणला इलेक्ट्रिकच्या वेगळ्याच गाड्या काढल्या आणि शेजारी डिझेलच्या एसयूव्हीही जोरात. मारुती-टोयोटा हायब्रिड आणि सीएनजीवर. उद्या वारं कुठूनही येऊ दे, एक शीड उघडं असेल. हुशारी आहे, मी मान्य करतो.

फक्त त्या हुशारीचा आमच्याकडं येताना काय अर्थ होतो ते सांगतो. आधी एका पार्टचे सात हजार नग, आता चार पार्टचे दीड-दीड हजार. प्रत्येक पार्टला वेगळं फिक्स्चर, वेगळं टूलिंग, वेगळे गेज, सेटिंग बदलायला अर्धी शिफ्ट जाते, आणि रेट मात्र सात हजाराच्या हिशोबानं मागतात. वर दरवर्षी ठरलेली किंमत कपात, प्रॉडक्टिव्हिटी वाढली म्हणून. कुणाची वाढली, विचारू नका. चार दगडांवर पाय कंपनीचे, पण दगड आम्ही धरून उभे.

२०२२ ला इलेक्ट्रिकच्या मोटरचा शाफ्ट आला आमच्याकडं, ट्रायलला. लोकांना वाटतं इलेक्ट्रिक म्हणजे सोपं, पार्ट कमी. कमी आहेतच, पिस्टन नाही, कनेक्टिंग रॉड नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही, पाच-सहा गिअरच्या जागी बहुतेक गाड्यांत एकच रेशो. पण जे राहिलेत ते नखरेल. मोटर मिनिटाला दहा-दहा, पंधरा-पंधरा हजार फेऱ्या मारते आणि इंजिनची घरघर नाही, त्यामुळं गिअरचा बारीकसा आवाजही गाडीत बसलेल्याला ऐकू येतो. पूर्वी जो रनआऊट, म्हणजे फिरताना पार्टचं किंचित डगमगणं, इंजिनच्या आवाजात झाकला जायचा तो आता सरळ गिऱ्हाइकाच्या कानात. आमच्याकडं एक जुना ऑपरेटर आहे, सगळे त्याला मामा म्हणतात, तो ड्रॉइंग बघून म्हणाला, "शेठ, आवाज नको म्हणतात, मग मौनव्रत धरून ग्राइंडिंग करू का आता?" पहिल्या पन्नासातले एकोणीस रिजेक्ट. बेअरिंगच्या सीटवर तीन मायक्रॉन जास्त, सकाळी जमायचं आणि दुपारी पत्रा तापला की शाफ्ट फुगायचा. मामानंच शेवटी तोड काढली, शाफ्ट आदल्या रात्री मोजायच्या टेबलाशेजारी, एसीच्या खोलीत ठेवायचे, सकाळी सातला मशीनवर, अकराच्या आत फायनल कट संपवायचा. पुढच्या पन्नासात तीन रिजेक्ट. सातवी पास माणूस. त्याला कुठल्या स्किल इंडियाच्या सर्टिफिकेटनं हे शिकवलेलं नाही.

ट्रायल पास झालं. व्हॉल्यूम येईल म्हणाले. मग मोटरच दुसऱ्या सप्लायरकडून घ्यायचं ठरलं. नवीन ग्राइंडिंग मशीनचं कोटेशन फाइलला लावून ठेवलंय, त्याचा कागद पिवळा पडला.

आणि आमचा काही दोष नसताना जे होतं ते तर वेगळंच. २०२१ ला सेमीकंडक्टर चिप मिळत नव्हत्या तेव्हा आमचं शेड्यूल कापलं, आता माझ्या लोखंडाच्या पार्टला चिप लागते का, पण गाडीच उभी राहिली तर माझा पार्ट काय एकटा धावणार. २०२५ च्या एप्रिलात चीननं मोटरमध्ये लागणाऱ्या रेअर अर्थ मॅग्नेटवर बंधनं आणली, इलेक्ट्रिक मोटरवाल्यांची तारांबळ. पेट्रोल अरबांचं नको म्हणून निघालो आणि मॅग्नेट चीनचं घेऊन बसलो. त्याच वर्षी १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार म्हणून ऐकलं आणि गिऱ्हाईक गाडी घ्यायचं थांबलं, महिनाभर शोरूम ओस, शेड्यूल अर्धं. २२ सप्टेंबरला छोट्या गाड्या १८ टक्क्यांवर आल्या आणि रात्री साडेनऊला फोन, गुरुवारी पण चालवा, दसऱ्याच्या आत माल पाहिजे. चालवला. खंडेनवमीला मशीनची पूजा चालू मशीनवरच केली, हार कूलंटनं भिजला. पैसे मात्र नव्वद दिवसांनी. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्या असा कायदा आहे, २०२४ पासून तर इन्कम टॅक्सची अटही जोडलीय, पण तक्रार करणाऱ्याचं पुढचं शेड्यूल येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं.

मग मागणी काय, फुकट काही नको. एवढंच करा की शेड्यूलच्या कागदावर अजून एक रकाना वाढवा, हा पार्ट कुठपर्यंत चालणार. कंपनीला ते माहीत असतं, मॉडेल किती वर्षांचं हे ठरवूनच ती पैसे घालते. आणि खरंच माहीत नसेल तर तसं लिहा, "ठरलेलं नाही" असं लिहा, म्हणजे मी त्या पार्टवर पाच वर्षांचं लोन काढणार नाही, जुनं मशीन डागडुजी करून चालवीन. न ठरलेलं ठरल्यासारखं सांगू नका. बंद करायचं असेल तर एक वर्ष आधी सांगा, मारुतीनं अख्ख्या देशाला सांगितलं, तुम्ही पंधरा व्हेंडरना नाही सांगू शकत? आणि आपलं राज्य सरकार मोठ्या प्रकल्पांना जमीन, स्टॅम्प ड्युटी, जीएसटीचा परतावा काय काय देतं, त्या करारात ही एक ओळ घालायला काय लागतं. साणंदच्या सौद्यात कामगारांसाठी एक ओळ आली होती.

माझा भाचा आयटीआयला आहे, टर्नर ट्रेड. परवा विचारत होता मामा, ट्रेड बदलू का, मेकॅट्रॉनिक्स घेऊ का. मी त्याला म्हणलं दोन्ही शिक. बोलून गेलो, आणि मग मला हसू आलं, मी पण त्याला दोन दगडांवर पाय ठेवायलाच सांगत होतो.

गेल्या आठवड्यात एका नवीन पार्टचं ड्रॉइंग आलंय, हायब्रिड गाडीचा आहे म्हणतात. पार्ट छान आहे, आम्हाला जमेल, आमच्या ऑपरेटर मामानं बघून मान हलवली. मशीन एक नवीन लागेल. मी वरच्या व्हेंडरला मेल केला की हा प्रोजेक्ट किती वर्षांचा आहे, लेखी कळवा. आज सहावा दिवस, उत्तर नाही. मशीनवाल्याचं कोटेशन महिनाअखेरपर्यंतच व्हॅलिड आहे.

पत्र छापलंत तर नाव छापू नका, ही विनंती. का ते वर लिहिलेलं आहेच.

आपला,
भोसरीतला एक जॉबवर्कवाला